बधिरपणा आणि वेदना : मज्जातंतूंच्या विकाराविषयी थोडे विवेचन

धान्याच्या व्यापाऱ्याची पहिली विद्या त्याच्या बोटांत असते. पोत्यातून काढलेले मूठभर भात तळहातावर चोळताच त्यात ओल किती आहे, कचरा किती आहे आणि भरडल्यावर तूट किती येईल, याचा अंदाज त्याला येतो. काटा आणि यंत्रे पुढे तो अंदाज पक्का करतात, इतकेच. ही जाण आपण जन्मभर वापरतो. परंतु ती कोठून येते व कोणत्या कारणाने जाते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. त्वचेपासून मेंदूपर्यंत संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना इजा झाली असता वेदनेची जाणीव कशी बदलते, हे सामान्य वाचकाला समजेल अशा रीतीने सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक वैद्य नाही, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक दुकानदार आहे. म्हणून औषधयोजनेच्या खोलात न जाता ज्या गोष्टी सर्वमान्य आहेत तेवढ्याच येथे दिल्या आहेत. हा विषय आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू पडतो. खानवेलच्या परिसरात कुष्ठरोग अद्याप आहे, आणि आपल्या घराघरांत मधुमेह आहे. हे दोन्ही रोग मज्जातंतूंवरच घाला घालतात.

संवेदनेचे वाहक

मेंदू आणि पाठीचा कणा यांच्यापासून निघून हातापायांच्या टोकापर्यंत जे तंतू पसरलेले असतात, त्यांना परिघीय मज्जातंतू म्हणतात. दिसायला दोरीसारखा असलेला एक मज्जातंतू वस्तुतः सहस्रावधी सूक्ष्म धाग्यांचा जुडगा असतो. त्यांतील काही धागे जाड असून त्यांवर वेष्टण असते. ते स्पर्श व दाब यांची वार्ता सेकंदाला सुमारे ३० ते ७० मीटर वेगाने पोहोचवितात. काही धागे बारीक व पातळ वेष्टणाचे असतात. टोचल्याची तीक्ष्ण कळ ते ५ ते ३० मीटर वेगाने नेतात. तिसरे धागे अतिशय बारीक व वेष्टणरहित असतात. जळजळ आणि ठणका यांची वार्ता ते सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर या मंद गतीने वाहतात. उंबऱ्याची ठेच लागली असता प्रथम झटकन कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. एकाच वार्तेचे दोन जासूद निरनिराळ्या चालीने येतात, हे त्याचे कारण होय.

ही वार्ता पाठीच्या कण्यातील रज्जूत पोहोचली म्हणजे ती जशीच्या तशी मेंदूकडे जाते, असे नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली असे प्रतिपादन केले की, रज्जूत जणू एक दार असते व ते कमीअधिक उघडते. स्पर्शाचे जाड धागे जागृत झाले की वेदनेचे दार काहीसे लोटले जाते. पडलेल्या मुलाचा गुडघा आई चोळते आणि मूल शांत होते, यात मायेचा भाग आहेच. पण शरीरशास्त्राचाही आहे. या उपपत्तीत पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, तथापि वेदना ही केवळ जखमेत नसून ती वाहून नेणाऱ्या व तिचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेतही असते, हा तिचा गाभा कायम राहिला आहे.

याचा सर्वांत विलक्षण पुरावा पाय कापावा लागलेल्या माणसांत आढळतो. जयपूर येथील रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तयार केलेला ‘जयपूर पाय’, आणि १९७५ पासून तो गरजूंना विनामूल्य बसवून देणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती, यांची माहिती आपल्या समाजात बहुतेकांना आहे. असा पाय बसवून घेणाऱ्यांपैकी कित्येकांना, जो पाय आता शरीरावर नाहीच, त्याच्या अंगठ्यात कळा येतात. पाय गेला, परंतु त्याचे तुटलेले तंतू आणि मेंदूतील त्याची जागा अजून शिल्लक आहेत.

एकाच इजेचे दोन परिणाम

मज्जातंतूला इजा झाली म्हणजे वेदना कमी होते की वाढते? उत्तर असे की, दोन्ही होऊ शकते. आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या एकाच पायात दोन्ही होते. टेलिफोनच्या तारेचा दृष्टांत येथे उपयोगी पडेल. तार पूर्ण तुटली की पेढीवर कसलाच निरोप येत नाही. परंतु तार न तुटता तिचे वेष्टण झिजले, तर पलीकडे कोणी बोलत नसतानाही खरखर ऐकू येऊ लागते. इजा झालेल्या तंतूंचेही असेच आहे. मेलेले धागे मुके होतात, म्हणजे तो भाग बधिर होतो. अर्धवट जगलेले धागे कारणाशिवाय आपोआप संदेश सोडू लागतात. त्यामुळे मुंग्या, आग, सुया टोचल्यासारख्या वेदना होतात. शिवाय असे खोटे निरोप सतत येऊ लागले की रज्जूतील पेशींचा कान तीक्ष्ण होतो आणि साध्या स्पर्शालाही त्या वेदना समजू लागतात. नागीण उठून गेल्यावर काही वृद्धांना अंगावरच्या सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही, तो यामुळेच.

या दोन परिणामांपैकी वेदना माणसाला वैद्याकडे पाठविते. बधिरपणा पाठवीत नाही, कारण त्याला तक्रार करण्यास तोंड नाही. म्हणूनच दोहोंत तो अधिक घातक आहे.

कुष्ठरोगाने शिकविलेला धडा

हे सत्य वैद्यकाला विशेषतः आपल्या देशातील कुष्ठरोग्यांनी शिकविले. नॉर्वेतील डॉ. गेऱ्हार्ट आर्मोएर हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचे जंतू शोधून काढले. हे जंतू फार सावकाश वाढतात. एकाचे दोन होण्यास त्यांना सुमारे दोन आठवडे लागतात, आणि रोगाची लक्षणे दिसण्यास सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. त्यांना शरीराचे थंड भाग मानवतात. त्यामुळे त्वचा आणि त्वचेलगत जाणारे तंतू हे त्यांचे आवडते स्थान. कोपर कशावर आपटले असता ज्या तंतूमुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तो तंतू, गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा तंतू, घोट्यामागचा तंतू, हे प्रथम सुजतात. सामान्यतः आधी उष्ण व थंड यांतील भेद कळेनासा होतो, मग टोचणे व हलका स्पर्श कळेनासा होतो.

पूर्वी असा समज होता की, या रोगात मांस आपोआप कुजून बोटे गळून पडतात. तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यवैद्य म्हणून आले, आणि त्यांनी बारकाईने पाहिले तेव्हा निराळेच दिसले. एका मुलाने गंजलेले कुलूप उघडण्यासाठी किल्ली इतक्या जोराने पिळली की, त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले, तरी त्याला पत्ता नव्हता. कित्येकांची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडीत आणि त्यांना जाग येत नसे. अर्थात बोटे प्रामुख्याने जखमा, भाजणे आणि त्यांत होणारा पू यांनी झिजत होती. आणि वेदना नसल्यामुळे त्या हातापायांना विश्रांती मिळत नव्हती. जखम झालेला साधा माणूस लंगडतो व त्या पायावरचा भार आपोआप कमी करतो. बधिर पायाचा माणूस त्याच जखमेवरून मैलभर चालतो.

डॉ. ब्रँड पुढे अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी बधिर हातांसाठी कृत्रिम वेदनेची यंत्रणा तयार करण्याचा प्रयत्न केला. धोका होताच विजेचा झटका बसावा, अशी योजना होती. ती फसली. हातातले काम नडू लागले की रुग्ण यंत्रच बंद करून टाकीत. निसर्गाने दिलेली वेदना बंद करण्याची कळ आपल्या हाती नाही, आणि तिचे सगळे मोल यातच आहे.

महाराष्ट्रातही या रोग्यांची सेवा दीर्घकाळ चालत आली आहे. मुंबईत माटुंग्याला १८९० साली आश्रयगृह निघाले, तेच आजचे वडाळ्याचे अॅकवर्थ रुग्णालय. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी, आणि वरोड्याजवळ आनंदवन येथे १९५१ साली बाबा आमटे यांनी कार्य उभारले. परंतु त्या काळी रोग समूळ घालविणारे औषध हाती नव्हते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धती सुचविली, आणि आज सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते.

आपल्या परिसरातील स्थिती

देशाने डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार वस्तीत एकाहून कमी रुग्ण ही मर्यादा गाठली. तथापि दादरा व नगर हवेलीत त्यानंतरही बरीच वर्षे हे प्रमाण मर्यादेच्या वर राहिले. म्हणूनच २०१५ साली भारतातील एक महत्त्वाचा प्रयोग येथे सुरू झाला. रुग्णाच्या घरातील व शेजारच्या निरोगी माणसांना रिफाम्पिसिन या औषधाची एकच मात्रा द्यावयाची, म्हणजे रोग उद्भवण्याची शक्यता कमी होते, असा तो प्रयोग. बांगलादेशात पूर्वी झालेल्या परीक्षणात पहिल्या दोन वर्षांत ही शक्यता निम्म्याहून कमी झालेली आढळली होती. पुढे २०१८ पासून ही पद्धती सबंध देशासाठी स्वीकारण्यात आली. आपल्या पाड्यांतून आशाताई घरोघर येऊन अंगावरील चट्टे पाहतात, तेव्हा त्यांना दारातून परत पाठवू नये, यासाठी हा इतिहास ठाऊक असणे बरे.

एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. आमच्या वखारीत काम करणाऱ्या एका हमालाच्या दोन बोटांच्या मधोमध भाजल्याचे व्रण वारंवार दिसत. विचारले असता तो म्हणाला, “विडी संपलेली कळत नाही, शेठ.” विडीचा विस्तव बोटाला लागेपर्यंत ज्याला कळत नाही, त्याच्या बोटातील तंतूंची तपासणी झाली पाहिजे, हे उघड होते. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचे डोळे मिटवून कापसाने व पेनच्या टोकाने ठिकठिकाणी स्पर्श केला आणि कोपराजवळचा तंतू चाचपून पाहिला. तो दोरखंडासारखा जाड लागला. त्याने बारा महिने औषध घेतले. रोग गेला, परंतु करंगळीची जाणीव परत आली नाही. कारण जंतू मारता येतात, मेलेले धागे मात्र सहसा पुन्हा उगवत नाहीत. तो अजून आमच्याकडेच कामाला आहे व आता चहाचा पेला फडक्यात धरून घेतो. आणखी दोन वर्षे उशीर झाला असता तर बोटे वाकडी झाली असती.

अंगावरील चट्टा फिकट वा लालसर असेल आणि तेथे स्पर्श कमी लागत असेल, तर तो कुष्ठरोगाचा समजून त्वरित दाखवावा. पांढरे कोड हा निराळा विकार असून त्यात संवेदना शाबूत असते. औषध चालू असताना किंवा त्यानंतर एखादा तंतू अचानक दुखू लागला, सुजला, किंवा हातापायातील बळ कमी वाटले, तर तेही एका दिवसाने पुढे ढकलू नये. ही सूज वेळेवर उतरविली तर तंतू वाचतो.

आपल्या घरांतील बधिर पाय

आता स्वतःच्या घराकडे वळू. गादीवर बसून होणारा आपला व्यवसाय, गोड पदार्थांची हौस आणि चालण्याचा कंटाळा यांमुळे व्यापारी कुटुंबांत मधुमेह पुष्कळ आढळतो. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली तर मज्जातंतूंची व त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांची हानी होते. सर्वांत लांब तंतूंवर परिणाम प्रथम होतो. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा वर चढत जातो. पुढे तो हातांतही उतरतो. जुन्या मधुमेह्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना हा विकार कमीअधिक प्रमाणात होतो. काहींना रात्री तळपायांची आग होते, पांघरूणही नको वाटते. आणि त्याच पायात खिळा गेला तर कळत नाही. आपले पाय “फार नाजूक” झाले आहेत असे असा मनुष्य समजतो, परंतु प्रत्यक्षात ते बधिर होत चाललेले असतात. आग थांबली म्हणून आनंद मानण्याचेही कारण नाही. कधी कधी ती उरलेले धागे मेल्यामुळे थांबलेली असते.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मज्जातंतूंच्या वेष्टणाला बी-१२ या जीवनसत्त्वाची आवश्यकता असते व ते वनस्पतिजन्य अन्नात नसते. आपल्याला ते मुख्यत्वे दुधापासून मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तपासलेल्या सुमारे दोनशे माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले. मधुमेहासाठी सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी होते. म्हणजे शाकाहारी मधुमेह्याच्या तंतूंवर दुहेरी भार पडतो. यासाठी आहार बदलण्याचे कारण नाही. रक्ताची साधी तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शने घेतली म्हणजे ही उणीव भरून निघते. हे एक कारण पूर्णपणे आपल्या हाती आहे.

तंतूंच्या वेदनेवर नेहमीच्या अंगदुखीच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तिच्यासाठी तंतूंची उत्तेजना शांत करणारी निराळी औषधे असतात. तेव्हा दुकानातून गोळ्या आणून महिनोन्महिने खात बसण्यापेक्षा डॉक्टरांना नीट वर्णन करून सांगावे.

नित्य आचरणात आणण्यासारख्या गोष्टी

ज्यांच्या पायांत बधिरपणा शिरला आहे, त्यांनी वेदनेचे काम डोळ्यांकडून करून घ्यावे. रोज रात्री तळपाय पाहावे. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातील मुलांना पाहावयास सांगावे. जोडा घालण्यापूर्वी तो झटकून आत हात फिरवावा. आत मऊ, तळाला टणक आणि बोटांना मोकळा असा जोडा वापरावा. घरातही पायांत चप्पल असावी. स्नानाच्या पाण्याचा कढतपणा पायाने न पाहता कोपराने पाहावा. रबराची गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नये. घट्टे घरी पात्याने कापू नयेत. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून तळपायाची तपासणी करवून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक धागा दहा ग्रॅमच्या दाबाने टेकवून ती काही मिनिटांत होते.

देवदर्शनाविषयी एक शब्द. मंदिरात अनवाणी जाणे ही आपली रीत आहे व ती राहील. परंतु वैशाखातील दुपारी संगमरवर तापलेला असतो, आणि बधिर पायाला ते कळत नाही. प्रदक्षिणा करून आलेल्या मनुष्याच्या तळव्याला फोड उठतात आणि महिन्याभराने त्यांचे भयंकर व्रण होतात, असे डॉक्टर सांगतात. अशांनी दर्शनाची वेळ सकाळची ठेवावी, मंदिराच्या पायरीपर्यंत पादत्राणे वापरावी, आणि शत्रुंजयाची अनवाणी चढण चढण्यापूर्वी पाय तपासून घ्यावे. मंदिरांच्या विश्वस्तांनीही मार्गावर चटया अंथरण्याची व्यवस्था ठेवल्यास मोठे पुण्य पदरी पडेल.

व्यापाऱ्यांचे कर्तव्य

शेवटचा मुद्दा आपल्या संस्थेच्या सभासदांसाठी आहे. आपल्या वखारींत भात आणि नागली घेऊन जे शेतकरी येतात, आणि आपली पोती जे हमाल वाहतात, त्यांच्या हातांवर आपला सगळा व्यापार चालतो. त्यांच्यापैकी एखाद्याला हा रोग झाल्याचे कळले तर त्याला कामावरून काढण्याचे काही कारण नाही. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याच्यापासून दुसऱ्यास रोग होण्याची भीती उरत नाही. कामावरून काढले जाईल या धास्तीनेच मनुष्य चट्टा लपवितो, आणि लपविण्यात त्याची बोटे जातात. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा जुना कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि २०१९ साली या रोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूदही काढून टाकण्यात आली. कायद्याने जे केले ते आपल्या ओट्यावरही घडले पाहिजे. दवाखान्यात जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची भरपगारी सुटी, गरम भांडी उचलण्यास फडके व लाकडी मुठी, आणि पोती ओढण्याच्या आकड्याला गुंडाळलेली मऊ पट्टी, एवढा खर्च कोणत्याही पेढीला जड नाही.

ज्या खात्यात तक्रार कधीच येत नाही, ते खाते जुना व्यापारी आधी तपासतो. आपल्या शरीराच्या बाबतीत आणि आपल्याकडे राबणाऱ्या माणसांच्या बाबतीतही सर्व सभासद बंधुभगिनींनी हाच नियम पाळावा, अशी नम्र विनंती आहे.